पिल्लू जेवत नाही? पॅकेट बदलायच्या आधी हे वाचा: नखरेबाज पपीला खायला लावायची पद्धत, पायरी-पायरीने

पिल्लाने बाऊल हुंगला आणि तोंड फिरवून निघून गेलं की घरोघरी जे सुरू होतं ते मी इतक्यांदा बघितलंय की क्रम पाठ झालाय. आधी दुधात पोळी कुस्करून देतात. मग बिस्किट. मग शेजारचे सांगतात म्हणून दुसऱ्या कंपनीचं पॅकेट, मग उकडलेलं अंडं, मग मांडीवर घेऊन हाताने भरवणं, आणि पाचव्या दिवशी जुलाब लागले की डॉक्टर. म्हणजे सगळ्यात आधी करायचं ते शेवटी आणि शेवटी करायचं ते पहिल्या दिवशी. आम्हीही बंड्या आला तेव्हा हेच केलं होतं, पंधरा दिवसांत तीन पॅकेटं फोडली आणि तिन्ही शेवटी सोसायटीच्या गेटवरच्या कुत्र्यांनी खाल्ली, आवडीने.

त्यामुळे खाली दिलेला क्रम मोडू नका. पायरी ३ मधलं फूड आवडलं म्हणून थेट तिथून सुरू केलंत तर परत तिथेच येऊन अडकाल.

## पायरी १: नखरे आहेत की आजार, हे आधी ठरवा

नखरे करणारं पिल्लू जेवण सोडतं पण खेळणं सोडत नाही. फूड नको म्हणतं आणि तुम्ही फ्रीज उघडला की धावत येतं, शी नीट बांधलेली असते, वजन वाढत असतं. आजारी पिल्लू सगळंच सोडतं. आवडीचा चिकनचा तुकडा नाकाजवळ धरला तरी मान वळवतं, कोपऱ्यात किंवा पलंगाखाली जाऊन पडतं, हाक मारली तर नुसती शेपटी हलवतं आणि उठत नाही.

खालचं काहीही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे न्या, उद्या नाही, आत्ता:

- उलटी आणि जुलाब, त्यातून शीला रक्त किंवा भयंकर घाण वास. हा पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतो. साधारण दीड ते सहा महिन्यांच्या, लसी पूर्ण न झालेल्या पिल्लांना तो सगळ्यात जास्त होतो आणि त्यात एक-एक तास महत्त्वाचा असतो.
- हिरड्या फिकट, पांढरट पडलेल्या. जंत, पिसवा किंवा गोचीड तापाने रक्त कमी झालं की असं होतं.
- पोट ढोलासारखं फुगलेलं पण अंग हडकलेलं. बहुतेक वेळा जंत असतात.
- खायला येतं, तोंड लावतं आणि केकाटून मागे होतं. तोंडात जखम, अडकलेला काटा, काहीही असू शकतं.
- मोजा, रबर, खेळण्याचा तुकडा गायब आहे आणि पिल्लू ओकतंय.

नाक कोरडं आहे की ओलं यावरून काही ठरवू नका, झोपून उठलेल्या ठणठणीत पिल्लाचं नाकही कोरडं असतं.

किती वेळ वाट बघायची? सहा महिन्यांच्या आसपासचं पिल्लू, बाकी एकदम मजेत असेल तर एक दिवस. तीन महिन्यांच्या आतलं असेल तर १२ तासांच्या पुढे अजिबात थांबू नका. आणि पॉमेरेनियन, शिह त्झू, चिवावा असली चिमुकली जात असेल तर चार-पाच तासांतच साखर खाली जाऊ शकते, पिल्लू लटपटतं, डोळे तारवटतात, कधी झटके येतात. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने हिरड्यांवर चोळायचं (शुद्धीवर नसलेल्या पिल्लाच्या तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं) आणि चोळत-चोळतच गाडीत बसायचं.

लस दिली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भूक थोडी मंदावते, ते चालतं. तोंड सुजलं किंवा उलट्या झाल्या तर ते चालत नाही.

तपासा: जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? लहान पिल्लांना ते दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायची पद्धत आहे. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मेडिकलवाल्याला विचारून अंदाजे बाटली आणू नका. जंताचं औषध आणि नवीन फूड एकाच दिवशी सुरू करू नका, जुलाब झाले तर कशाने झाले तेच कळणार नाही.

## पायरी २: दोन दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा

ही पायरी सगळे गाळतात. फ्रीजवर एक कागद चिकटवा, पेन बांधून ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाने पिल्लाला जे दिलं ते त्यावर लिहायचं. प्रत्येकाने म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींनी पण. रागवायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत, नाहीतर लोक लपवतात.

आमच्या कागदावर एका दिवसात काय निघालं ते सांगते. बंड्या तेव्हा अडीच महिन्यांचा, बरोबर तीन किलोचा. सकाळी अर्धी पोळी दुधात, अंदाजे १२० कॅलरी. चहाच्या वेळी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दिलेली पाच ग्लुकोज बिस्किटं, ११० तरी झाली. दुपारी सासूबाईंनी तूप लावून अर्धी पोळी, ८०. संध्याकाळी मुलीने डब्यातलं उरलेलं पनीर, ते ९०. बेरीज ४००. आणि त्या वयाच्या तीन किलोच्या पिल्लाला दिवसाला लागतात साधारण ४८० (हिशोब पुढे दिलाय). म्हणजे मी जो बाऊल घेऊन त्याच्या मागे फिरत होते त्याच्यासाठी पोटात जागा होती ऐंशी कॅलरीची! तो नखरे करत नव्हता, त्याचं पोट भरलेलं होतं. आणि घरात प्रत्येकाचं म्हणणं एकच, "मी कुठं काय देतो, एवढंसं तर दिलं."

याच दोन दिवसांत वजन करून घ्या. साध्या वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग पिल्लाला उचलून, आणि वजाबाकी करा. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी खाण्याआधी. पहिल्या पाच-सहा महिन्यांत पिल्लू रोज किती वाढायला हवं याचा ढोबळ नियम असा की मोठेपणी जितके किलो होणार त्याच्या दर किलोमागे दिवसाला २ ते ४ ग्रॅम. लॅब्रेडॉर ३० किलोचा होणार असेल तर रोज ६० ते १२० ग्रॅम. आपलं देशी पिल्लू १८ किलोचं होणार असेल तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो.

तपासा: बरगड्यांवरून बोटं फिरवा. तुमच्या हाताचा पंजा सरळ पसरून त्या पंजाच्याच मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या तर छान. मूठ वळून तिच्या उंचवट्यांसारख्या लागल्या तर बारीक आहे. तळहातासारखं मऊ-मऊ लागलं तर जाड आहे, आणि जाड पिल्लू "काहीच खात नाही" अशी तक्रार असेल तर कागद परत वाचा.

वजन नीट वाढतंय, बरगड्या बरोबर आहेत, पिल्लू उड्या मारतंय? मग कदाचित प्रॉब्लेम नाहीच आहे, तुमचा अंदाज जास्त आहे. सरळ पायरी ४ चा हिशोब करून बघा.

## पायरी ३: पॅकेट निवडणं

"पेडिग्री चांगलं का ड्रूल्स, रॉयल कॅनिन घेऊ का फार्मिना" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मी उलट विचारते, पॅकेटच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय? पुढच्या बाजूला फोटो असतो, माहिती मागे असते.

पहिली गोष्ट, "पपी", "ग्रोथ" किंवा "ऑल लाइफ स्टेजेस" यातलं काहीतरी लिहिलेलं हवं. नुसतं "अॅडल्ट" असलेलं स्वस्तात मिळतंय म्हणून पिल्लाला घालू नका. दुसरी, "कम्प्लीट" किंवा "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" हे शब्द शोधा. "कॉम्प्लिमेंटरी" लिहिलं असेल तर ते तोंडी लावण्यापुरतं आहे, त्यावर पिल्लू वाढवायचं नाही. ग्रेव्हीच्या पाउचमध्ये दोन्ही प्रकार मिळतात, बघून घ्या.

तिसरी, जातीचा आकार. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांच्यासाठी "लार्ज ब्रीड पपी" वेगळं असतं आणि ते मार्केटिंग नाहीये. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं की हाडं आणि सांधे बिघडतात. देशी पिल्लाला मिडियम किंवा साधं पपी फूड चालतं. पग, पॉमला बारीक दाण्याचं घ्या, मोठा दाणा त्यांच्या तोंडात मावत नाही आणि मग आपण त्याला नखरे म्हणतो.

चौथी, आकडे. अमेरिकेतल्या एएएफसीओ या संस्थेचे निकष बऱ्याच पॅकेटांवर उल्लेखलेले असतात. त्यानुसार वाढत्या पिल्लाच्या फूडमध्ये पाणी वगळून उरलेल्या भागात प्रोटीन किमान २२.५ टक्के, फॅट किमान ८.५ टक्के, कॅल्शियम किमान १.२ टक्के आणि जास्तीत जास्त २.५, मोठ्या जातींसाठी १.८ टक्के.

"पाणी वगळून" हे महत्त्वाचं आहे. कोरड्या फूडवर प्रोटीन २४ टक्के आणि पाउचवर ८ टक्के दिसलं की लोक म्हणतात पाउच फालतू आहे. कोरड्यात पाणी १० टक्के असतं, म्हणजे २४ भागिले ९० गुणिले १००, झाले साधारण २७. पाउचमध्ये पाणी ८० टक्के, म्हणजे ८ भागिले २० गुणिले १००, झाले ४०. पाउचमध्ये प्रोटीन कमी नसतं, पाणी जास्त असतं, आणि म्हणूनच नुसत्या पाउचवर पोट भरायचं तर खिसा रिकामा होतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव "फ्रेश चिकन" असलं तरी त्यात पाण्याचं वजन धरलेलं असतं, त्यामुळे फार हुरळून जाऊ नका. तांदूळ, मका दिसला म्हणून फेकायचंही कारण नाही, कुत्र्याला शिजलेलं धान्य पचतं. "ग्रेन-फ्री" म्हणजे भारी असा समज आहे तोही सोडा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा काही फूडचा आणि कुत्र्यांच्या हृदयाच्या एका आजाराचा संबंध आहे का याचा तपास सुरू केला होता, ठाम काही सिद्ध झालेलं नाही, पण डॉक्टरने सांगितल्याशिवाय त्याच्या मागे लागायची गरजही नाही.

एवढं सगळं जुळणारी चार-पाच पॅकेटं दुकानात असतीलच. त्यातलं तुमच्या गावात दर महिन्याला न चुकता मिळणारं आणि तुम्हाला वर्षभर परवडणारं निवडा. ऑनलाइन सेलमध्ये महागाचं घेतलं आणि पुढच्या महिन्यात परत स्वस्त, असं केलं की पोटाचीही वाट आणि सवयीचीही.

सावधान: सुट्टं फूड घेऊ नका. गोणी उघडी ठेवून किलोवर विकतात त्याला ना तारीख ना घटक, आणि पावसाळ्यात त्यातलं तेल खवट होतं, बुरशी धरते. पिल्लाला तो वास आपल्या आधी कळतो. पहिल्यांदा आणताना सगळ्यात लहान सीलबंद पॅकेट आणा, दहा किलोवर डिस्काउंट कितीही असू दे.

## पायरी ४: किती घालायचं

पॅकेटवरचा तक्ता वाचताना सरसकट एक चूक होते. बऱ्याच पपी फूडच्या तक्त्यात पहिला रकाना "मोठेपणीचं वजन" असा असतो आणि आपण तिथे आजचं वजन शोधतो. मग प्रमाण चुकतं, बाऊलमध्ये उरतं, आणि वाटतं खात नाही.

स्वतः हिशोब करायचा असेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. वजनाला वजनाने दोनदा गुणा (३ × ३ × ३ = २७), मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा (२.२८), त्याला ७० ने गुणा (१६०). चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला त्याच्या तिप्पट, म्हणजे ४८० कॅलरी. चार महिन्यांनंतर दुप्पट. पाच किलोच्या पिल्लाला याच हिशोबाने चार महिन्यांपर्यंत ७०० च्या आसपास.

आता पॅकेटवर किलोला किती कॅलरी ते बघा. ३८०० असतील तर तीन किलोच्या पिल्लाला दिवसाला १२६ ग्रॅम, चार वेळात वाटलं तर एका वेळी ३१ ग्रॅम. एकदा किचनच्या काट्यावर ३१ ग्रॅम मोजून बघा, एक लहान वाटीसुद्धा भरत नाही. आणि आपण सवयीने भरतो मोठी वाटी.

हा आकडा सुरुवातीचा. दर आठवड्याला वजन आणि बरगड्या बघून दहा टक्के वर-खाली करायचा. बिस्किट, ट्रीट, पोळी, ट्रेनिंगचे तुकडे, सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवायचं, म्हणजे बंड्याला ४८. दोन बिस्किटं, संपलं. त्यापेक्षा रोजच्या फूडमधलेच वीस दाणे सकाळी डबीत काढून ठेवा आणि ट्रेनिंगला तेच वापरा.

## पायरी ५: जुन्यावरून नव्यावर

पिल्लू घरी आल्यावर पहिला आठवडा आधीच्या घरी जे खात होतं तेच द्या. मग ते लहान बाळांचं सिरीयल असो, दूध-भात असो, तुम्हाला कितीही फालतू वाटो. आई सुटली, भावंडं सुटली, जागा बदलली, त्यात पोटालाही नवीन काही नको. पहिले दोन दिवस कमी खाणं नॉर्मल आहे, पण पायरी १ ची वेळेची मर्यादा तेव्हाही लागू.

नंतर सात दिवस:

1. पहिला-दुसरा दिवस: पाऊण भाग जुनं, पाव भाग नवीन.
2. तिसरा-चौथा दिवस: अर्धं-अर्धं.
3. पाचवा-सहावा दिवस: पाव भाग जुनं, पाऊण नवीन.
4. सातव्या दिवसापासून पूर्ण नवीन.

शी थोडी सैल झाली तर मागच्या पायरीवर जा आणि तिथे दोन दिवस जास्त थांबा. एकदा नवीन फूडवर आणलं की निदान तीन आठवडे ते बदलायचं नाही. पहिल्या जेवणाला नाक मुरडलं म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरं पॅकेट फोडलं तर पिल्लू एकच गोष्ट शिकतं, थांबलं की काहीतरी वेगळं येतं.

## पायरी ६: वीस मिनिटं बाऊल, मग उचलायचा

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, तीन ते सहा महिने तीन वेळा, त्यानंतर दोन वेळा. वेळा ठरवा आणि पाळा. आमच्या: सकाळी सात, दुपारी बारा, पाच, रात्री साडेनऊ. बाऊल दिवसभर भरून ठेवायचा नाही. पाणी मात्र कायम ठेवायचं.

जागा शांत बघा. दाराशी, येण्या-जाण्याच्या वाटेवर, वॉशिंग मशीनशेजारी नको. स्टीलचा बाऊल फरशीवर सरकतो आणि खणखणतो, काही पिल्लं त्यालाच घाबरतात, खाली ओलं फडकं टाका. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांना वेगळ्या खोलीत.

मग असं करायचं:

1. मोजलेलं फूड ठेवा, एकदाच नाव घेऊन बोलवा.
2. बाजूला व्हा. समोर बसून "खा ना रे बाळा, खा" करायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. सगळं घर टक लावून बघत असेल तर तुम्हालाही घास उतरणार नाही.
3. वीस मिनिटं मोबाइलवर लावा.
4. वेळ झाली की उरलेलं असो, पूर्ण असो, बाऊल उचला. चेहऱ्यावर काही नाही, रागावणं नाही, गोंजारणं नाही.
5. पुढच्या जेवणापर्यंत काही नाही. कागदावरचं शेवटचं बिस्किटसुद्धा नाही.
6. पुढच्या वेळी नेहमीचंच प्रमाण. मागचं राहिलेलं त्यात मिळवायचं नाही.

सावधान: तीन महिन्यांच्या आतलं, कमी वजनाचं किंवा चिमुकल्या जातीचं पिल्लू लागोपाठ दोन जेवणं सोडू देऊ नका, त्यांच्यासाठी पायरी ७ लगेच वापरा आणि डॉक्टरांना फोन करा. मोठ्या पिल्लाने लागोपाठ दोन दिवस हिशोबाच्या निम्म्याहून कमी खाल्लं तरी दाखवून घ्या.

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो, आधीच सांगते. पिल्लू भुंकतं, ओट्याशी जाऊन बसतं, कुंईकुंई करतं, म्हणजे आधी जे करून मिळत होतं तेच दुप्पट जोराने करून बघतं. याच दिवशी घर फुटतं. आमच्याकडे तिसऱ्या रात्री सासूबाई म्हणाल्या, मुकं जनावर आहे, पाप लागेल, आणि मी दात घासायला बाथरूममध्ये गेले तेवढ्यात पोळी दिली गेली. तीन दिवस तसेच वाया गेले, कारण आता बंड्याला कळलं की तीन दिवस थांबलं तरी मिळते. परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला मी अण्णा आणि सासूबाईंनाच बाऊल भरायचं काम दिलं, सकाळचा अण्णांचा, संध्याकाळचा त्यांचा, काट्यावर मोजून. ज्याला देण्याचा आनंद हवाय त्याला तो बाऊलमधून मिळाला की टेबलाखालून द्यायची गरज उरत नाही. पाचव्या दिवशी बंड्याने सात वाजता स्वतःहून बाऊल चाटून ठेवला होता आणि अण्णा सगळ्यांना सांगत होते की माझ्या हातचं खातो.

घरातली माणसं जेवत असताना पिल्लू दुसऱ्या खोलीत, किंवा त्याचं जेवण आपल्या आधी उरकून घ्या.

## पायरी ७: चव वाढवायचीच असेल तर

फूडवर कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं भिजवा. वास उठतो, दाणा मऊ होतो, पाणीही पोटात जातं. निम्म्या पिल्लांचं काम इथेच होतं. उकळतं पाणी नको, बोट सहज घालता येईल इतकंच. भिजवलेलं फूड उन्हाळ्यात तासाभरात आंबूस व्हायला लागतं, उरलेलं टाकून द्या, पुढच्या वेळेला ठेवू नका.

तेवढ्याने नाही झालं तर एक चमचा चिकन उकडलेलं पाणी, मीठ, कांदा, लसूण, मसाला काही नसलेलं. किंवा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा कुस्करून, किंवा शिजवलेला लाल भोपळा. कुठलंही एकच निवडा आणि फूडमध्ये असं कालवा की वेचून खाता येणार नाही. वर पसरून दिलंत तर चिकन उचलून दाणे बाऊलमध्ये ठेवण्यात ही पिल्लं फार हुशार असतात. चार-पाच दिवसांनी प्रमाण कमी करत न्या. आज अंडं, उद्या पनीर, परवा दही असं फिरवायला लागलात की पायरी ६ वर पाणी पडलं.

हे अजिबात नाही: कांदा आणि लसूण (म्हणजे रस्सा, आमटी, लसणीची फोडणी घातलेला भात, चायनीजचं उरलेलं, सगळं आलं). द्राक्षं, मनुका, बेदाणे, शिऱ्यातले आणि प्रसादातले पण. चॉकलेट, कॉफी. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री काहीही, काही पीनट बटरमध्येही ते असतं. शिजवलेली हाडं, मग ती मटणाची नळी असो नाहीतर कोंबडीची तंगडी, ती टोकदार फुटतात आणि आतड्यात जातात.

## पायरी ८: घरचंच शिजवून घालणार असाल तर

चिकन-भात पिल्लू आवडीने खातं आणि म्हणूनच फसायला होतं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. महिनोन्महिने नुसता चिकन-भात किंवा दूध-पोळी दिली की शरीर हाडांमधून कॅल्शियम ओढतं, पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. दुसरं टोक म्हणजे चांगलं पपी फूड चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप. दुकानदार पॅकेटबरोबर हातात देतो, आपण देतो. कम्प्लीट फूडमध्ये कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं, मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून दिलेलं नुकसानच करतं. डॉक्टरने वय-वजन बघून लिहून दिलं तरच.

मधला मार्ग असा की नव्वद टक्के फूड, दहा टक्के घरचं. पूर्ण घरचंच करायचं असेल तर मापासकट आहार लिहून घ्या, इंटरनेटवरची रेसिपी नको. तुमच्या व्हेटने सांगितलं की हा माझा विषय नाही, तर मुंबईत परळचं, साताऱ्यात शिरवळचं किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय कॉलेज जवळ असेल तिथल्या दवाखान्यात विचारा.

शाकाहारी घर असेल तर पिल्लासाठी बंद पॅकेटचं पपी फूड हाच कमी त्रासाचा रस्ता, दही-भातावर कुत्रा जगतो हे खरं पण पिल्लाची वाढ ही वेगळी गोष्ट आहे. आणि दूध प्रेमाने वाटीभर देऊ नका, आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं पचत नाही, जुलाब लागतात.

## पायरी ९: साठवण

पॅकेट उघडल्यावर फूड डब्यात ओतू नका, पॅकेटसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तारीख आणि घटक हाताशी राहतात. उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत संपेल इतकंच आणा, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्याहूनही कमी. काल खाणारं पिल्लू त्याच पॅकेटवर आज अचानक अडून बसलं तर त्याला दोष द्यायच्या आधी स्वतः हुंगून बघा. खवट तेलाचा वास येत असेल तर पिल्लाचंच बरोबर आहे.

मुंग्यांसाठी बाऊल पाणी घातलेल्या थाळीत ठेवा. बाऊलभोवती खडू मारू नका, पिल्लू चाटतं. एप्रिल-मे मध्ये भूक कमी होतेच, सकाळचं जेवण सहाला आणि रात्रीचं ऊन उतरल्यावर द्या.

## सगळं जमलं आणि चार महिन्यांनी परत सुरू झालं

साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत चालतं. २८ जाऊन ४२ यायचे असतात. या काळात कडक दाणा दुखतो, पिल्लू येतं, दोन दाणे चावतं आणि मागे सरकतं. फूड बदलू नका, परत कोमट पाण्यात भिजवायला लागा. फ्रीजमधलं थंडगार गाजर चावायला दिलं तर बरं वाटतं (आख्खं द्या आणि समोर बसा, तुकडा मोडला तर काढून घ्या). याच सुमाराला कॅलरीचा हिशोब तिपटीवरून दुपटीवर येतो, त्यामुळे बाऊलमध्ये थोडं उरणं यात नखरे नसतात, तुमची वाटी मोठी असते.

गालिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला तर घाबरू नका. सापडला नाही तर तो त्याने जेवणाबरोबर गिळलाय, त्यानेही काही होत नाही.